कोऱ्या पाटीचं घर

तुमच्या आईच्या आईच्या आईचं नाव काय?

उठू नका, कुणाला फोन करू नका. बसल्या जागी सांगा. येत नाही ना? पणजोबांचं येतं. त्यांनी कोणती विहीर खोदली, कोणाशी बांधावरून भांडण काढलं, तेही येतं. मलाही तेवढंच येत होतं, आणि त्यापायी औरंगाबादेत माझी खोली हातची जाता जाता राहिली होती.

विद्यापीठात एम.ए.ला नाव घातलं तेव्हा वसतिगृह भरलेलं होतं. वर्गातल्या एकीनं सांगितलं, बेगमपुऱ्यात एक बाई मुलींना खोली देतात, रिक्षावाल्याला नुसतं 'कोऱ्या पाटीचं घर' म्हण, तो बरोबर नेईल. त्यानं नेलं. फाटकाच्या खांबावर पांढऱ्याशुभ्र संगमरवराची देखणी पाटी बसवलेली होती आणि तिच्यावर काहीही कोरलेलं नव्हतं. ना मालकाचं नाव, ना घराचं, ना 'कुत्र्यापासून सावध'.

दार उघडलं ते साठी ओलांडलेल्या, उंच, किडकिडीत बाईंनी. सुताराच्या कानावर असते तशी त्यांच्या कानावर पेन्सिल होती. त्यांनी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, भाड्याचं काढलं नाही. उंबऱ्यातूनच वर दिला तोच प्रश्न विचारला.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि मला सगळ्या प्रश्नांची उत्तरं येत होती. वडील चळवळीतले. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागं. माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची. मी अक्षरं पत्रकांवरून शिकले, आणि आई सांगते की मी पाटीवर पहिला जोडाक्षराचा शब्द लिहिला तो 'धिक्कार'. तेव्हा मी मान ताठ करून बाईंना म्हणाले की मी कुळं आणि घराणी मानत नाही, माणूस मानते.

बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"माणूस मानतीस, लई चांगलं," त्या म्हणाल्या. "त्यात बाया किती धरल्यास, तेवढं सांग."

खोली मिळाली ती दिवाळीपर्यंतच्या मुदतीवर. तोवर तीन पिढ्यांच्या बायकांची नावं आणायची, नाहीतर ट्रंक उचलायची. मी तणतणत वडिलांना पत्र लिहिलं. त्यांचं चार पानी उत्तर आलं. आजोबांनी सावकाराला कसं ठणकावलं, पणजोबांनी पाटलाच्या विहिरीवर कसं पाणी भरलं, सगळं त्यात होतं. शेवटी एक ओळ होती, 'बायकांची नावं नेमकी आठवत नाहीत. लढा चालू ठेव.' त्या ओळीखाली, कागदाच्या कोपऱ्यात, आईच्या बारीक अक्षरात तीन नावं होती: सुंदरा, तिची आई ठकू, तिची आई रंगू. आईला ती कायम येत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि समतेवरची दोन पत्रकं तोवर माझ्या स्वतःच्या नावानं निघालेली होती.

मी तो कोपरा बाईंना दाखवला. त्यांनी तीन नावं मोठ्यानं वाचली, कानावरची पेन्सिल काढून वहीत उतरवली आणि म्हणाल्या, "रहा आता. पत्रकवाली." तेव्हापासून माझं नाव तेच पडलं.

बाईंचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राजवटीतलं, उर्दूतून झालेलं. घरात वडिलांकडून मोडी शिकलेल्या. पोलीस ॲक्शननंतर कचेरीतल्या जुन्या कागदांचं मराठी करायला उर्दू येणारी माणसं हवी होती, तेव्हा ह्या विशीतल्या पोरीला रेकॉर्ड रूममध्ये घेतलं आणि त्या निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिल्या. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनीचे, वारसाचे, भांडणांचे कागद वाचले. त्यांचा निष्कर्ष एका वाक्याचा होता आणि तो त्या आल्यागेल्याला ऐकवत. म्हणायच्या, राज्य बदललं, भाषा बदलली, साहेबाची टोपी बदलली. पण उर्दूत 'अमुक जौजे तमुक' होतं त्याचं मराठीत 'अमुक भ्र. तमुक' झालं, म्हणजे तमक्याची बायको. बाई जिथल्या तिथं.

पुढं हे त्यांचं बोधवाक्य झालं. भाजीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत कोणीही जुना कागद वाचून घ्यायला आला की त्या पेन्सिलीचं टोक त्या जोडाक्षरावर ठेवत आणि म्हणत, "भ्र.च्या अलीकडचं वाच."

लोक त्यांच्याकडं वंशावळीसाठी यायचे. दाखल्याला वंशावळ लागते, तिचे पुरावे जुन्या उर्दू कागदात, आणि ते वाचणारी माणसं एकेक करून संपत चाललेली. बाई एक पैसा घेत नसत. पण वंशावळ त्या काढत ती त्यांच्या पद्धतीची. पडेगावहून एक गृहस्थ आले होते, सात पिढ्यांचे पुरुष पाठ म्हणून दाखवणारे. बाईंनी त्यांच्यासमोर भलामोठा कागद पसरला आणि विचारलं की ह्या सात पुरुषांना कोणी जन्म दिला. गृहस्थ म्हणाले, बाई, त्याची कचेरीत गरज नसते. बाई म्हणाल्या, कचेरीत नसंल, पण जन्मायला होती ना? गृहस्थ तीन वेळा गावी जाऊन आले. चौथ्या वेळी आले ते एका आत्याबाईंना घेऊन, आणि त्या आत्याबाईंनी दुपारभर बसून एकोणीस बायका सांगितल्या. कागद भरला, तसे ते गृहस्थ तोंडावर रुमाल धरून रडले. कचेरीत मात्र साहेबांनी ती वंशावळ परत केली, ह्यात बायका कशाला म्हणून. मग बाईंनी पुरुषांची वेगळी काढून दिली आणि मूळची जपून ठेवायला सांगितली. "ती सरकारासाठी," त्या म्हणाल्या, "ही खरी."

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. मी एकदा कारण विचारलं. आपल्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात, तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात. बाईंचं लग्न ठरलं होतं, आणि त्यांनी कळवलं होतं की माझं नाव बदलायचं नाही. "मग त्यांनी नवरीच बदलली," त्या म्हणाल्या. हसल्या आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

त्यांचा खरा संशोधनाचा मार्ग मात्र कागद नव्हता, भांडी होती. त्यांचं म्हणणं, कागद पुरुषांच्या हातात आणि भांडी बायकांच्या. तांब्या-पितळेच्या भांड्यावर नाव घालायची आपल्याकडं रीत. कोणी दिलं, कोणाला दिलं, हे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं. त्यात त्यांनी एक मोलाची गोष्ट हेरली होती. माहेरच्यांनी लेकीला भांडं द्यायचं तर ते लग्नाच्या आधी बाजारातून आणतात, आधीच नाव घालून घेतात. तांदळातलं नवं नाव तेव्हा ठरलेलं नसतं. म्हणजे त्या भांड्यावर बाईचं जन्माचं नाव राहतं, मग सासरी तिला काहीही म्हणोत.

म्हणून बाई कोणाच्याही घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात जात. पतंगाचा पातळ कागद भांड्यावर ताणून धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवायची, की कोरलेली अक्षरं कागदाच्याच रंगात उमटतात. संक्रांत झाली की दुकानात उरलेला पतंगाचा कागद त्या गठ्ठ्यानं आणत. त्यांच्या घरात त्यामुळं लाल, हिरव्या, पिवळ्या, जांभळ्या बायका भरलेल्या होत्या. त्यांच्या ह्या सवयीमुळं लोक त्यांना बोलवायला धजत नसत. शेजारी एका मुलीला पाहायला पाहुणे आले होते, तिथं बाईंनी सरबताचा जग आत रिकामा करून उलटा धरला होता आणि पाहुणे कोरड्या घशानं बसले होते. मुलगी पसंत पडली. मुलानं नंतर सांगितलं, ज्या घरात जगावर आजीचं नाव आहे ते घर चांगलं असणार. बाई ती गोष्ट स्वतःच्या विजयासारखी सांगत.

लासूर स्टेशनला एका लग्नाला त्या मला घेऊन गेल्या. नवरीला उखाणा घ्यायला सगळे आग्रह करत होते. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बायकांनी लई दिवस नवऱ्याची नावं घेतली, आता आत जेवायला जाणाऱ्या प्रत्येक गड्यानं आपल्या पणजीचं नाव घ्यायचं. पहिल्यांदा हशा झाला, मग चुळबूळ, मग गडी मांडवाच्या मागच्या बाजूला पसार होऊन आपापल्या आयांना गाठू लागले. एक फेटेवाले म्हातारे तेवढे पुढं आले आणि खाकरून म्हणाले,

"लासूरच्या बाजारात कांद्याची रास,
सोनाबाईचा पणतू मी, मान माझा खास."

त्यांना बाईंनी स्वतःच्या हातानं पहिली पंगत वाढली. भूक अनावर झालेल्या दोघा-तिघांनी खोटी नावं सांगितली, असा मला दाट संशय आहे.

आता पाटीचं सांगते, कारण ह्या सगळ्याचं मूळ तिथं आहे.

बाईंच्या आईच्या आईची आई लासूरकडच्या एका गावात दिलेली होती. नवरा मारायचा. एके दिवशी ती तान्ही मुलगी पाठीला बांधून चालत निघाली ती थेट सिल्लोडला आली. तिथं कापसाच्या वखारीत सरकी वेचून तिनं ती मुलगी वाढवली. ती मुलगी म्हणजे बाईंची आजी. पुढचं सगळं, बाईंची आई, मावशी, बाई स्वतः, त्या एका चालत निघण्यातून आलेलं. पण घर सोडलेल्या बाईचं नाव कोण घेणार? ते घरात कोणी उच्चारलं नाही आणि एक-दोन पिढ्यांत पुसलं गेलं. बाईंना नोकरीत असताना एक उर्दू कागद सापडला, तिच्या नवऱ्यानं गावच्या अधिकाऱ्यापुढं दिलेला जबाब. 'मुसम्मात भागीरथी जौजे अमुक, लेकरू घेऊन निघून गेली. आमच्या घरातलं काही नेलं नाही.'

म्हणजे नाव मिळालं होतं. भागीरथी. मी म्हणाले, मग घाला की ते पाटीवर.

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा उंबऱ्यात उभी आहे असं वाटलं. "ते तांदळातलं नाव," त्या म्हणाल्या. "ज्या घरानं ठेवलं ते घर तिनं सोडलं. त्या घराचं नाव मी माझ्या दारावर लावू व्हय?"

त्यांना तिचं जन्माचं नाव हवं होतं. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या पैशांनी घर बांधलं, पाटी आणली, बसवली आणि नावासाठी थांबल्या. ज्यांनी शेकडो लोकांच्या पणज्या शोधून दिल्या त्यांना आपली सापडत नव्हती. पोस्टमन कुरकुरायचा. शेजारच्या खाला, ज्यांच्या खानदानाचा शजरा, म्हणजे वंशावळ, बाईंनी सगळ्या बेटियांसकट नव्यानं लिहून दिला होता, फाटकाशी उभ्या राहून दर शुक्रवारी म्हणायच्या, "पाटी खाली नक्को रखो बाई, कोई बी आके अपना नाम लिख देगा." बाई म्हणायच्या, आजवर तेच होत आलंय, म्हणून तर राखण करतीय.

दुसऱ्या वर्षी शहरात बायकांचा मेळावा ठरला आणि पत्रक लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी बाईंच्या पणजीवर लिहिलं. आजही ते मला पाठ आहे. 'ती निघाली. रिकाम्या हातानं निघाली. पाठीवर लेक, पायाखाली फुफाटा, आणि हातात काहीही नाही!' बाईंनी ते वाचलं आणि चष्मा पुसला. रिकाम्या हातांचं त्यांनाच फार होतं. त्या स्वतः ही गोष्ट सांगताना दोन्ही तळवे उघडे करून दाखवत. त्यांनी एक प्रत मोठ्या अभिमानानं सिल्लोडला आपल्या मावसबहिणीला पाठवली. तिला सगळे आक्का म्हणत. आक्काला वाचता येत नव्हतं, तिच्या सुनेनं वाचून दाखवलं.

पुढच्याच रविवारी आक्का एसटीनं हजर. बाईंपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी, ठेंगणी, हातात पत्रकाची घडी. पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि मला विचारलं की हे तू लिहिलंस का. मी कौतुकाच्या तयारीनं हो म्हणाले.

"तुला लेकरू हाय का गं?"

नाही, म्हटलं.

"मंग बरोबर. आगं, तान्हं लेकरू पाठीला बांधून उन्हातान्हाचं सिल्लोडपस्तोर चालायचं, आन् पाण्याला भांडं घेणार नाय व्हय कुणी? तांब्या हुता तिच्यापाशी."

बाई एकदम उठून उभ्या राहिल्या. त्यांनी जबाबाचा कागद आणला, वाचून दाखवला, घरातलं काही नेलं नाही. आक्कानं तो ऐकून घेतला आणि म्हणाली, खरं हाय की, त्यांच्या घरातलं नाय नेलं. तांब्या तिचा हुता, माह्यारचा. आजी त्याला 'आईचा तांब्या' म्हणायची. तुला दावला नव्हता का, तू कागदं घेऊन आलीस तवा?

मग बाईंनी मला आतली ट्रंक ओढायला सांगितली.

ही ट्रंक मला ठाऊक होती. ज्या ठशांचा धागा कुठंच जुळला नाही ते त्यात ठेवलेले होते आणि झाकणावर खडूनं लिहिलेलं होतं, 'परक्या'. आम्ही दोघी जमिनीवर बसून कागद उपसू लागलो. खालून तिसऱ्या थरात एक पिवळा कागद निघाला. मोडीतली एक ओळ: 'चि. चिमा हीस मामाकडून.' कोपऱ्यात बाईंचंच टिपण, बरंच जुनं: 'सिल्लोड, आक्काकडं. आपली नव्हे. जुन्या बाजारातून आला असावा.'

बाईंनी ते टिपण दोनदा वाचलं. नाव त्यांना वीस वर्षांपूर्वी मिळालं होतं. त्यांनी ते स्वतःच्या हातानं उतरवून घेतलं होतं आणि स्वतःच्या हातानं परक्यांत टाकलं होतं. का, तर कागद म्हणत होता तिनं काही नेलं नाही, आणि रिकाम्या हातांची गोष्ट त्यांना इतकी आवडली होती की त्या हातात तांब्या मावत नव्हता.

"जन्मभर लोकांना सांगत आले, भ्र.च्या अलीकडचं वाच," त्या हळू म्हणाल्या. "आन् मी नवऱ्याचा जबाब खरा धरून बसले."

मग आक्काकडं वळून त्यांनी विचारलं की तेव्हा मला हटकलं का नाहीस. आक्का म्हणाली, "तू शिकल्याली. तू म्हनलीस बाजारातला हाय, आमी म्हनलं आसंल बाई. आमाला काय मोडी येती?"

मला माझं पत्रक आठवलं. रिकाम्या हातांची कविता तर मीच केली होती. गरीब बाईला आणखी रिकामी करून दाखवली की आम्हा पत्रकवाल्यांना तिची गोष्ट जास्त शोभून दिसते.

बाईंनी विचारलं, तांब्या कुठाय. आक्का पदराशी खेळू लागली. घरातली तांब्या-पितळेची सगळी भांडी सुनेनं मोडीत देऊन स्टीलचा सेट घेतला होता. बाईंचा चेहरा उतरला. पण तो तांब्या नाय दिला, आक्का म्हणाली. तो हाय. कुठाय? मागं असतो. मागं म्हणजे कुठं? "मागं म्हंजी मागं," आक्का म्हणाली आणि माझ्याकडं मदतीसाठी पाहू लागली. तेव्हा आम्हाला उलगडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघी सिल्लोडला गेलो. घर माणसांनी भरलेलं, परसात शेवग्याचं झाड, त्याच्या पलीकडं पत्र्याच्या दाराचा संडास आणि दाराशी, चेपलेल्या काठाचा, काळा-हिरवा पडलेला तांब्या. आक्काची सून तोंडाला पदर लावून उभी. म्हणाली, मोडवालीनंसुद्धा नको म्हटलं, तिकडं वापरायचा म्हणून.

बाई धुण्याच्या दगडावर बसल्या. मला वाटलं आता ह्या रडणार. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग कळलं की त्या हसताहेत. इतकं हसल्या की कानावरची पेन्सिल पडली. घरातल्या मानाच्या घागरी, कळशा, घंगाळं, ज्यांच्यावर रावसाहेबांची, पाटलांची नावं होती, ती सगळी वितळून गेली होती. एकटी चिमा राहिली होती, आणि ती राहिली होती कारण तिला संडासात ठेवलं होतं.

"शंभर वर्षं झाली," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "अजून लोकांच्या कामाला येतीय बाई माझी."

सुनेनं चिंच आणली, मीठ आणलं. बाईंनी कोणाला हात लावू दिला नाही. तीनदा घासला, तीनदा राखेनं उजळला. ठिपक्यांची ओळ हळूहळू वर आली. त्यांनी ती पेन्सिलीच्या टोकानं अक्षर अक्षर मोठ्यानं वाचली आणि परसात जमलेल्या सगळ्या बायकांनी आपल्या घरातल्या त्या बाईचं नाव पहिल्यांदा ऐकलं. मग बाईंनी रांजणातलं पाणी त्या तांब्यात घेतलं आणि सरळ तोंडाला लावलं. सून किंचाळलीच. बाईंनी तांब्या माझ्यापुढं केला. खोटं कशाला सांगू, माझी सगळी तत्त्वं क्षणभर डळमळली. पण प्यायले. आक्का म्हणाली, मी नाय बाई, मला त्याचं कालपर्यंतचं माहीत हाय.

पाटी कोरायला पडेगावहून पाथरवट आला. छिन्नी लावण्याआधी त्यानं रीतसर विचारलं की पूर्ण नाव काय. चिमा, बाई म्हणाल्या. पुढं? पुढं काय नाय. बापाचं नाव, नवऱ्याचं, आडनाव? एवढ्या मोठ्या पाटीवर दोनच अक्षरं बरी दिसत नाहीत, असंही त्यानं सुचवलं.

"येताना तिनं आणलं तेवढंच," बाई म्हणाल्या. "कोर."

खालांनी शेवया वाटल्या. पोस्टमननं विचारलं की हे मांजराचं नाव आहे का. आणि मी आयुष्यातलं पहिलं दुरुस्तीचं पत्रक काढलं: 'मागील पत्रकात ती रिकाम्या हातानं निघाली असं छापलं होतं. ते चूक होतं. तिच्या हातात तिचा तांब्या होता.' वडिलांनी कळवलं की पत्रकात चूक कबूल केली की चळवळ कमजोर दिसते. मी उलटटपाली विचारलं की तुमच्या आजीचं नाव काय, आईला न विचारता सांगा. महिन्याभरानं वडील स्वतःच आले, बाईंची पाटी मोठ्यानं वाचली आणि जाताना पतंगाचा कागद घेऊन गेले.

रिक्षावाल्यांनी मात्र ऐकलं नाही. नाव कोरल्यावरही ते त्या घराला कोऱ्या पाटीचं घरच म्हणत राहिले. बाई त्यांना प्रत्येक वेळी थांबवून पाटी वाचायला लावायच्या, दहा पावलं चालून गेलेल्यालाही परत बोलावायच्या.

बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. तांब्या आक्काच्या सुनेकडं आहे, आता स्वयंपाकघरात, पाण्याच्या माठावर. 'परक्या' लिहिलेली ट्रंक बाईंनी मला दिली. त्यात रंगीबेरंगी कागदांवर कितीतरी बायका अजून पडून आहेत, आणि त्यांतली एकही परकी नाही, हे आता मला ठाऊक आहे. त्या कोणाच्या तरी आहेत. तुमच्या असू शकतात.

म्हणून हे वाचून झालं की एक काम करा. माळ्यावरचं, न्हाणीतलं, परसातलं, मोडीत द्यायला काढलेलं एखादं जुनं भांडं खाली घ्या. घासा. पातळ कागद धरा, पेन्सिल आडवी फिरवा, आणि जे नाव उमटेल ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला मोठ्यानं वाचून दाखवा. ती जे सांगेल ते त्याच कागदामागं लिहून घ्या. आणि ती तुमच्या ऐकीव गोष्टीच्या उलट काही बोलली, तर तिला खोडू नका.